एका पत्रकात एकच मागणी

तुम्ही करता ते काम उद्यापासून वेगळ्या रीतीने करा, असं तुम्हाला कोण कोण सांगू शकतं? जरा नीट आठवून बघा. पगार देणारा एकच असेल, तो प्रश्न नाही. ज्यांच्या एका शब्दाने तुमचं काम बदलतं अशी माणसं एकाहून जास्त निघाली, तर एक दिवस एकाचं ऐकताना तुमच्या हातून दुसऱ्याचं नुकसान होणार आहे, आणि तो दारात येऊन उभा राहीपर्यंत तुम्हाला त्याचा पत्ताही लागणार नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलांना मी आयुष्यभर हेच सांगत आले. आता त्याला भारदस्त इंग्रजी नाव आहे. महाराणा प्रताप नगरातल्या क्लासची मुलं ते एका दमात म्हणून दाखवतात, की प्रोग्रामच्या प्रत्येक तुकड्याला एकच जबाबदारी असावी. जबाबदारी म्हणजे काय रे, असं विचारलं की म्हणतात, "एक काम, आंटी." मी म्हणते, काम नाही, धनी. हा तुकडा कोणाच्या सांगण्यावरून बदलतो, ते बघा. तो धनी एकच असला पाहिजे. मुलं मान डोलावतात आणि परीक्षेत पुन्हा 'एक काम' असंच लिहितात. त्यांचा दोष नाही. मला हे ज्या घरात समजलं, त्या घरात कॉम्प्युटर हा शब्द उच्चारायची सोय नव्हती.

ते घर म्हणजे भोपाळच्या एका सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमधलं क्वार्टर. पुढे व्हरांडा, मागे अंगण, अंगणात पेरूचं झाड आणि भिंतीपलीकडे दुबे चाचांचं अगदी तसंच क्वार्टर, फक्त उलटं. बाबा, म्हणजे वानखेडे, नागपूरहून इथे लेथवर टर्नर म्हणून आले आणि युनियनचे सेक्रेटरी झाले. आईची बहीण तुलसी नगरात राहायची, मावसोबा सरकारी कचेरीत होते. त्यांच्याकडे घड्याळ बघून जेवण व्हायचं. आमच्याकडे भोंग्यावर. भोंगा झाला की सायकलींचा एक लांबच लांब आवाज घरावरून जायचा, साखळ्यांचा, घंट्यांचा, ओळखीच्या खोकल्यांचा, आणि मग रस्ता असा रिकामा व्हायचा की पेरूवरचे पोपट भांडताना ऐकू यायचे. रविवारी मात्र आमच्याच घरातून आवाज निघायचा. पलंगाखाली सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं. बाबा ते ओढून काढायचे, आईच्या जुन्या साडीच्या चिंध्यांनी पुसायचे आणि हँडल फिरवायला लागायचे. खटक, सर्र, खटक, सर्र. ओली पत्रकं अंगणात वाळत घालणं हे माझं काम. वाऱ्याने उडू नयेत म्हणून मी त्यांच्यावर कच्चे पेरू ठेवायची. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर, त्यामुळे देवनागरी अक्षरं म्हणजे थोडी फिसकटलेलीच असतात असं मला पुष्कळ दिवस वाटायचं. ते काम आटपलं की बेसनाचे गोळे घातलेला गोळाभात आणि वरून हिंग-मोहरीचं गरम तेल. शाईचा वास आणि हिंगाचा वास माझ्या डोक्यात अजून वेगळे होत नाहीत.

बाबांच्या पत्रकांचा एक नियम होता, आणि तो ते नव्या कार्यकर्त्याला चहाच्या आधी सांगायचे: एक पर्चा, एक माँग. एका पत्रकात एकच मागणी. एकदा, मी लहान असताना, त्यांनी एकाच पत्रकात थंडीच्या जर्सीही मागितल्या आणि रात्रपाळीला कॅन्टीनही मागितलं. साहेबांनी जर्सी दिल्या आणि कळवलं की आपल्या पत्रकाचा विचार केला आहे. लोक जर्सी घालून खूश झाले. कॅन्टीनबद्दल पुन्हा तोंड उघडायची सोय उरली नाही. दुसरं कारण हाताचं होतं. स्टेन्सिलचा कागद मेणाचा. लोखंडी कलमाने त्यावर लिहायचं, चुकलं तर लाल औषधाने बुजवायचं आणि वाळल्यावर पुन्हा लिहायचं. एका ओळीला फार वेळा हात लावला की तिथलं मेण फाटतं आणि शेजारची ओळही सोबत घेऊन जातं. शेजारच्या ओळीची काहीच चूक नसते. "म्हणून सांगतो," बाबा म्हणायचे, "ज्या ओळी वेगवेगळ्या लोकांच्या मर्जीने बदलणार, त्या एका कागदावर नांदवायच्या नाहीत." मी हे इतक्या वेळा ऐकलं होतं की ते मला ऐकूच येईनासं झालं होतं.

मी शिकले, गणितात बरी निघाले, आणि कारखान्यात कॉम्प्युटर विभाग सुरू झाला तेव्हा परीक्षा देऊन तिथे लागले. त्या काळी युनियन कॉम्प्युटरच्या विरोधात होती. बाबांचं म्हणणं होतं की आजवरची यंत्रं माणसाचे हात खायची, हे डोकं खाणार. नेमणुकीचं कळलं त्या दिवशी त्यांनी ताटातला घास संपवला, हात धुतला आणि त्यानंतर माझ्याशी बोलणं सोडलं. भांडण झालं नाही. मी समोर बसलेली असायची आणि ते आईला म्हणायचे, "तिला सांग, वरण घे." आई म्हणायची, "वरण घे म्हणतात." मी वरण घ्यायची. पाहुण्यांना ती घरातली गंमत वाटायची. मीही पाहुण्यांसमोर हसायची.

विभागात तरी बोलणारे असतील असं तुम्हाला वाटेल. कॉम्प्युटरच्या हॉलमध्ये इतकी थंडी ठेवत की मी मे महिन्यात पिशवीत स्वेटर घेऊन जायची. आमच्या रस्त्यावरची पोरं मला 'स्वेटरवाली दीदी' म्हणत. दाराबाहेर चपला काढायच्या, आत गार फरशीवर बसून हिरव्या अक्षरांकडे बघायचं. तिथले सगळे मला युनियनच्या नेताजींची मुलगी म्हणून ओळखत. मी चहाला गेले की बोलणं थांबायचं आणि कोणीतरी हवापाण्याचा विषय काढायचा. घरी मी साहेबांची माणूस होते, हॉलमध्ये युनियनची. दिवसभरात माझ्याशी मोकळेपणाने बोलायचं ते ते यंत्र, आणि त्याला माझ्या चुका सांगण्यापलीकडे काही बोलता येत नव्हतं. मी त्या चुकांची वाट बघायला लागले होते, इतकं सांगितलं म्हणजे पुरे.

आमचे मुख्य श्रीवास्तव साहेब. माणूस हुशार, प्रेमळ, आणि स्वतःच्या प्रोग्रामवर स्वतःच्या मुलीसारखा जीव टाकणारा. माणसाची नोकरीची वर्षं मोजणारा एक तुकडा त्यांनी लिहिला होता. क्वार्टर कोणाला आधी मिळणार ही यादी टाउनशिप ऑफिस काढायचं, ते वर्षं त्या तुकड्याकडून घ्यायचं. बढतीची यादी पर्सोनेल, म्हणजे कर्मचारी खातं, काढायचं, तेही वर्षं तिथूनच घ्यायचं. एकदा टाउनशिप ऑफिसने सांगितलं की क्वार्टरसाठी अप्रेंटिस असतानाची वर्षं धरू नका, ती मुलं तेव्हा होस्टेलात राहायची. म्हणणं रास्त होतं. साहेब लगेच दुरुस्ती करायला बसले.

"सर," मी म्हटलं, "इसी से प्रमोशन की लिस्ट भी बनती है."

"तो?"

"पर्सोनेल ने तो कुछ बदलने को नहीं कहा."

ते हसले. "मंदा बेटी, साल तो साल होते हैं. एक जगह लिखो, सब जगह काम आए, यही तो इस मशीन की खूबी है. तुम घर से हर बात में झगड़ा सीख के आई हो." हॉलमधले दोघंतिघं हसले. साहेबांनी ओळ बदलली आणि ते आनंदाने चहाला गेले.

मला तेव्हा काहीतरी बिघडलंय एवढंच कळत होतं, पण ते कोणत्या शब्दांत सांगायचं ते कळत नव्हतं. आज क्लासची मुलं मला विचारतात की तेव्हा हे तत्त्व माहीत असतं तर बरं झालं असतं ना. मला वाटतं, मला ते माहीत होतं. फक्त ते अंगणात पेरूंखाली वाळत पडलं होतं आणि मी त्याला हॉलमध्ये शोधत होते.

थोड्या दिवसांनी बढतीची यादी फलकावर लागली. जे अप्रेंटिस म्हणून याच कारखान्यात वाढले, ते सगळे खाली घसरले होते. त्यात दुबे चाचा. त्यांची निवृत्ती जवळ आली होती, फोरमन होण्याची ही शेवटची संधी. यादीवर हरकत घ्यायला पुढच्या शनिवारपर्यंत मुदत होती. दुबे चाचांनी आमच्या व्हरांड्यात येऊन टोपी काढली. "बिटिया, जवानी के साल कहाँ गए मेरे? ज़रा अपनी मशीन से पूछना, नाश्ते में तो नहीं खा गई." ते हसत होते. चाचीने मात्र त्या आठवड्यात भिंतीवरून वाटी दिली नाही. आमच्या दोन घरांत भाजीची वाटी भिंतीवरून जायची-यायची, माझ्या जन्माआधीपासून. ती थांबली तेव्हा मला समजलं की टाउनशिपमध्ये लोक याला साहेबांचा डाव समजत आहेत, आणि डावात मला धरून आहेत.

रविवारी बाबांनी स्टेन्सिल काढलं. चटईवर बसून, काचेवर कागद ठेवून ते लिहीत होते. दुबे चाचा व्हरांड्याच्या पायरीवर बिडी ओढत बसले होते, आई स्वयंपाकघराच्या दारात गोळे वळत होती. मी पाणी द्यायला गेले आणि बाबांच्या खांद्यावरून वाचलं. वर ठळक अक्षरांत, अप्रेंटिसी के साल वापस दो. त्याखाली तितक्याच ठळक अक्षरांत, कंप्यूटर हटाओ.

"बाबा, ह्यात दोन मागण्या आहेत," मी म्हटलं.

बाबांनी मान वर केली नाही. "ऐकलं का," ते आईच्या दिशेने म्हणाले, "तिला सांग, मागणी एकच आहे. वर्षं मशीनने खाल्ली, मशीन घालवा."

"मागणी एकच आहे म्हणून राहिले," आई म्हणाली.

"आई, त्यांना सांग, वर्षं मशीनने नाही खाल्ली."

"अहो, मशीनने नाही खाल्ली म्हणते."

"मग काय उंदरांनी खाल्ली?"

आई माझ्याकडे वळली. "मग काय उंदरांनी खाल्ली?"

पायरीवरून दुबे चाचा म्हणाले, "भाभीजी, आप तो टेलीफोन एक्सचेंज हो गईं." इतक्या वर्षांच्या शेजाराने त्यांना मराठी सगळं कळायचं.

आईने हात झटकले. "मला भात बघायचाय. तुम्ही दोघं आपापलं बोला बाप्पा." ती आत निघून गेली, आणि आम्ही दोघं त्या काचेच्या दोन बाजूंना उरलो. कितीतरी महिन्यांत आमच्यामध्ये कोणी नाही असं झालं नव्हतं. मला बाबांच्या तोंडाकडे बघवेना. मग मी स्टेन्सिलकडे बघून बोलायला लागले.

"वर्षं मोजायची जागा प्रोग्राममध्ये एकच आहे. क्वार्टरवाले तिथून घेतात, बढतीवालेही तिथूनच घेतात. क्वार्टरवाल्यांनी अप्रेंटिसची वर्षं काढा म्हटलं. त्यांच्यासाठी ती ओळ खोडली, तर बढतीवाल्यांची ओळही गेली. त्यांनी काही मागितलंच नव्हतं. डाव कोणीच केला नाही, बाबा. दोन साहेबांच्या ओळी एका स्टेन्सिलवर होत्या. एक दुरुस्त करताना दुसरी फाटली."

बाबांचं कलम थांबलं होतं. मी आता थांबू शकत नव्हते. "आणि तुम्ही हे असंच वाटलं तर काय होणार? साहेब म्हणतील, कॉम्प्युटरवर कमिटी बसवतो. वर्षभर कमिटी बसेल. शनिवारी मुदत संपेल आणि चाचांची बढती गेली. जर्सी मिळाली, कॅन्टीन गेलं. माझा नियम नाही, तुमचा आहे. मी त्याच्यावर पेरू ठेवून वाढले."

पायरीवर बिडी विझली. मग दुबे चाचा हळूच म्हणाले, "वानखेडेजी, मुझे तो अपने साल चाहिए. मशीन को बाद में देख लेंगे."

"ऐकलं का," बाबांनी स्वयंपाकघराकडे बघून सुरुवात केली, "तिला सांग..." दारात कोणी नव्हतं. वाक्य तसंच राहिलं. त्यांनी लिहिलेलं स्टेन्सिल काचेवरून उचललं, त्याच्यावर फुंकर मारली, आणि दुमडून बाजूला ठेवलं. स्टेन्सिल तेव्हा सहज मिळत नसत, बाबा एक वाया गेलं तरी दिवसभर हळहळायचे. "नवीन," ते हवेत म्हणाले. मी कपाटातून नवीन आणून काचेवर ठेवलं. त्यावर त्यांनी एकच मागणी लिहिली.

सोमवारी ते पत्रक गेटवर वाटलं गेलं. त्यात यंत्राबद्दल अवाक्षर नव्हतं, त्यामुळे ते टाळायलाही साहेबांना काही निमित्त मिळालं नाही. पर्सोनेलच्या अधिकाऱ्यांनी श्रीवास्तव साहेबांना बोलावून विचारलं की आम्ही न सांगता आमची यादी बदलली कशी. ते परत आले ते पडलेल्या चेहऱ्याने. त्यांना वाटत होतं की त्याच तुकड्यात एक खूण टाकू, क्वार्टर असेल तर वर्षं वजा करा, बढती असेल तर करू नका. मी म्हटलं, सर, पुढच्या वर्षी टाउनशिप ऑफिस आणखी काही मागेल, मग आणखी एक खूण टाकाल. मला दोन तुकडे वेगळे लिहू द्या, एक टाउनशिप ऑफिसचा, एक पर्सोनेलचा. ते इतके थकले होते की लिही म्हणाले. लिहून झाल्यावर त्यांनी दोन्ही शेजारी ठेवून बघितले. "ये तो जुड़वाँ हैं. एक ही चीज़ दो बार लिख दी तुमने."

"शक्ल एक है सर," मी म्हटलं, "बुलानेवाले अलग हैं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. हसले नाहीत. त्यानंतर नवीन तुकडा लिहिण्याआधी ते मला विचारायचे, मंदा, यह किसका है? माझ्या नोकरीतला तो सगळ्यात मोठा सन्मान, पण तो सांगायला घरी कोणी नव्हतं.

मुदतीच्या आत यादी सुधारून लागली. दुबे चाचा फोरमन म्हणून निवृत्त झाले. चाचीने जिलेबी पाठवली, भिंतीवरून, आणि म्हणाली, "भाईसाहब को देना, उन्हीं ने लड़ाई जीती." मी जिलेबी बाबांच्या पानात वाढली. मी लिहिलेल्या दोन तुकड्यांचं टाउनशिपमध्ये कोणालाच माहीत नव्हतं, आणि ते सांगायची रीतही नव्हती. भाजीची वाटी मात्र पुन्हा सुरू झाली, हे मी माझ्या खात्यावर धरते.

दुमडून ठेवलेल्या त्या स्टेन्सिलवरची दुसरी मागणी बाबांनी सोडली नव्हती. पुढच्या आठवड्यात मी कामाला निघाले तर गेटवर ते स्वतः उभे. हातात पत्रकांचा गठ्ठा. मला लांबूनच वरची ठळक ओळ दिसली, कंप्यूटर हटाओ. तीच एक मागणी, आता तिच्या स्वतःच्या कागदावर. माझ्या पिशवीतून स्वेटरची बाही बाहेर आली होती. मी रांगेतून पुढे सरकत गेले. दुसऱ्या फाटकाने जाता आलं असतं, पण तसं वागायला मला त्यांनी शिकवलं नव्हतं. ते प्रत्येकाला जसे देत तसंच त्यांनी मला पत्रक दिलं, माझ्या डोळ्यांत बघून.

"लो, साथी," ते म्हणाले.

कितीतरी महिन्यांनी त्यांनी मला उद्देशून उच्चारलेले ते पहिले शब्द. मी पत्रक घेतलं, उभ्या उभ्या सगळं वाचलं, नीट घडी केली, आणि चपला काढून हॉलमध्ये गेले. त्या संध्याकाळी जेवताना बाबा म्हणाले, "मंदा, मीठ दे." आई हातातली पोळी तशीच धरून आमच्याकडे बघत राहिली. मी मीठ दिलं.

तेव्हापासून ते गेटवर सेक्रेटरी राहिले आणि घरात बाप. पूर्वी युनियनमध्ये काही बदललं की आमच्या जेवणात बदलायचं. आता तसं होईना. एका माणसाला दोन धनी होते, त्यांची त्याने फाळणी केली. मला त्याचा अभिमान वाटला, आजही वाटतो. पण पूर्ण सांगायचं तर त्याची एक किंमत होती. घरात बाबा मला मीठ मागायचे, पेरू आलेत का विचारायचे, मावशीकडे तुलसी नगरला कधी जायचं ते ठरवायचे. माझ्या कामाबद्दल त्यांनी शेवटपर्यंत एक शब्द विचारला नाही, कारण तो त्यांच्या घरातल्या कागदावरचा विषय नव्हता. मीही पत्रकांबद्दल विचारणं सोडलं. आम्ही एकमेकांच्या ओळीला धक्का लागू दिला नाही. प्रोग्राममध्ये तुकडे वेगळे केले की ते एकमेकांना हाक मारू शकतील अशी एक जागा ठेवावी लागते, ती नसेल तर दोन्ही बरोबर चालतात आणि एकमेकांची त्यांना खबर नसते. हे मी मुलांना शिकवते. आम्ही दोघांनी घरात ती जागा ठेवली नाही.

आता मी भोपाळच्या कडेला मिसरोदला राहते. होशंगाबाद रोडवरच्या गाड्यांचा आवाज दिवसभर येतो, पण त्यात ओळखीचा खोकला नाही. गोळाभात एकटीपुरता करता येत नाही, गोळे उरतात. ते पत्रक माझ्याकडे आहे. शाई आता तपकिरी झाली आहे, मजकूर मला आजही पटत नाही, आणि त्यातलं एकही वाक्य शेजारच्या वाक्याच्या वाट्याला गेलेलं नाही.

बाबांच्या नियमाने इथे मला एकच मागणी करता येते. प्रोग्रामच्या तुकड्यांबद्दल करावी, असं तुम्हाला वाटत असेल. त्याचं जे सांगायचं ते वर सांगून झालं आहे आणि ती मागणी या कागदावरची नाही. इथली मागणी ही. तुमच्या घरात कोणीतरी असं काम करतं जे तुम्हाला पटत नाही. आज जेवायला बसाल तेव्हा, मधे कोणाला न घालता, त्याला विचारा, "आज काय काम केलंस?" आणि तो सांगेल ते शेवटपर्यंत ऐका.